आपला माणूस पहिल्या नंबरवर? आधी हिशोब दाखवा

१२ ऑक्टोबर २०२४. रियाधमध्ये आर्तुर बेतरबिएवने दिमित्री बिव्होलला गुणांवर हरवलं आणि लाइट हेवीवेटचे, म्हणजे १७५ पौंडांच्या (सुमारे ७९ किलोच्या) गटातले चारही बेल्ट एका माणसाच्या कमरेला लागले. आपल्याकडे मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. सकाळी उठलो तर आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एक यादी फिरत होती: ‘लाइट हेवीवेटचे सर्वकालीन दहा’. पहिल्या नंबरवर बेतरबिएव. खाली कारणं दिलेली: २१ लढती, २१ विजय, त्यातले २० नॉकआउट. आणि शेवटी, न लिहिता सगळ्यांना कळलेलं कारण: दागेस्तानचा आहे, आपला आहे.

चार महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०२५ ला, त्याच शहरात बिव्होलने परतफेड केली. त्या सकाळी ग्रुपवर यादी आली नाही. आता बिव्होल पहिला, असंही कुणी म्हटलं नाही. सगळे गप्प.

आता एक गंमत बघा. दोन्ही लढतींत तीन परीक्षकांचे गुण अगदी सारखे होते: ११४-११४, ११५-११३, ११६-११२. फक्त विजेत्याचं नाव बदललं. म्हणजे दोघांतलं अंतर एक-दोन फेऱ्यांचं. सव्वाशे वर्षांच्या इतिहासातला पहिला नंबर एक-दोन फेऱ्यांवर टांगला होता आणि त्या फिरल्याबरोबर अख्खी यादी गायब झाली. अशा यादीला मी यादी म्हणत नाही. तो आपल्या अभिमानाचा फोटो आहे आणि त्याला रँकिंगची फ्रेम लावलेली आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या आणि नव्या बॉक्सरांची तुलना करायचीच असेल तर एकच गोष्ट मोजता येते: तो कुणाशी लढला, ते तेव्हा कोणत्या अवस्थेत होते आणि निकाल काय लागला. बाकी सगळं, म्हणजे शरीरयष्टी, व्हिडिओ, शून्य पराभव आणि ‘आपला माणूस’, हे बोलायला छान असलं तरी पुरावा नाही. आणि या मापाने बघितलं तर आजचा एकही लाइट हेवीवेट पहिल्या पाचात बसत नाही.

आता एकेक दावा घेऊ.

‘आजचं शरीर वेगळं आहे’

पहिला दावा जिममध्ये जाणाऱ्यांचा. आज आहारतज्ज्ञ आहेत, हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळं आहेत, शास्त्र आहे. १९४६ चा माणूस आजच्या माणसासमोर काय टिकणार?

हा दावा करणारे टाइम मशीन एकाच बाजूने चालवतात. एझर्ड चार्ल्सला आजच्या रिंगमध्ये आणायचं असेल तर त्यालाही आजचा आहारतज्ज्ञ द्या. आजच्या नियमाप्रमाणे आदल्या दिवशी वजन करून रात्रभर पाणी आणि जेवण घेऊन फुगण्याची मुभाही द्या. आणि बिव्होलला १९४६ मध्ये पाठवायचं असेल तर लढतीच्याच दिवशी वजन करा, किताबाच्या लढतीला १२ ऐवजी १५ फेऱ्या खेळवा आणि तीन-चार आठवड्यांनी पुढच्या लढतीला उभं करा. दोघांचे नियम वेगळे असताना एकाचं यंत्र दुसऱ्याच्या रस्त्यावर पळवणं ही तुलना नव्हे. आमच्या धंद्यात दोन वेगळ्या सर्व्हरवर, वेगळ्या लोडखाली घेतलेले आकडे शेजारी ठेवून ‘हा फास्ट’ असं कुणी म्हटलं तर त्याला मीटिंगमधून हळूच बाहेर काढतात.

नव्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आणि वजनदार आहे, तो मान्य करतो. सोव्हिएत संघात व्यावसायिक बॉक्सिंगला दार बंद होतं, ते १९८० च्या दशकाच्या शेवटी उघडलं. बेतरबिएव खासाव्युर्तचा, बिव्होल किर्गिझस्तानातल्या तोकमोकचा. १९४६ मध्ये अशा गावातला मुलगा कितीही गुणी असता तरी जगज्जेतेपदाच्या रांगेत उभाच राहू शकला नसता. आजचं मैदान त्या अर्थाने मोठं आहे. पण त्याच काळात आठ वजनगटांचे सतरा झाले. १७५ च्या वर क्रूझरवेट आला, खाली १६८ चा सुपर मिडलवेट आला. आणि एकेका गटाचे चार-चार जगज्जेते झाले. मैदान मोठं झालं खरं, पण त्यात कुंपणंही तितकीच उभी राहिली.

‘व्हिडिओ बघा की’

दुसरा दावा व्हिडिओवाल्यांचा. जुन्या, थरथरणाऱ्या काळ्या-पांढऱ्या फिती लावतात आणि हसतात: हे काय बॉक्सिंग आहे?

या गटात लढलेल्यांपैकी हॅरी ग्रेबचं उदाहरण घ्या. वजनाने तो मिडलवेट. तरी २३ मे १९२२ ला त्याने जीन टनीला हरवून अमेरिकेचा लाइट हेवीवेट किताब घेतला. टनी पुढे हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि कारकिर्दीत त्याने हरलेली ही एकमेव लढत. ग्रेब सुमारे ३०० लढती लढला. त्यातल्या एकाही लढतीची फीत आज उपलब्ध नाही, आहे तो फक्त सरावाचा तुकडा. व्हिडिओ हाच पुरावा मानायचा तर टनीला हरवणारा माणूस यादीतून पुसावा लागेल. एझर्ड चार्ल्सचंही तसंच. आज जो सहज बघायला मिळतो तो बहुतेक हेवीवेट चार्ल्स, म्हणजे आपल्या सर्वोत्तम वजनाच्या वर गेलेला आणि पुढे पुढे थकत चाललेला. ते बघून ‘ठीक आहे, खास नाही’ म्हणणाऱ्यांनी चार्ल्स बघितलेलाच नसतो.

फितीतून माणसाची शैली कळते, पण समोरचा किती तगडा होता हे कळायला वही उघडावी लागते.

‘साखळी जोडा’

तिसरा दावा आमच्यासारख्या इंजिनिअरांचा, आणि कबूल करतो की एके काळी मीही करायचो. ‘अ’ने ‘ब’ला हरवलं, ‘ब’ने ‘क’ला, म्हणून ‘अ’ हा ‘क’पेक्षा भारी. सगळ्या लढतींचं जाळं करा, प्रोग्रॅम चालवा, क्रमवारी बाहेर येईल. मी एकदा शनिवार-रविवार घालवून असं जाळं बसवलं होतं. काळ जोडणाऱ्या कड्या सापडतातही: आर्ची मूर १९६२ मध्ये कॅशियस क्लेशी लढला. तोच क्ले मुहम्मद अली म्हणून १९७२ मध्ये बॉब फॉस्टरशी आणि १९८० मध्ये लॅरी होम्सशी लढला. होम्स १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सशी लढला. चाळिशीच्या दशकातल्या चार्ल्स-मूरपासून ऐंशीच्या दशकातल्या स्पिंक्सपर्यंत पूल तयार!

पण प्रत्येक कडीवर नीट बोट ठेवा. क्लेसमोर उभा मूर किमान ४५ वर्षांचा होता आणि क्ले विशीतला. फॉस्टर अलीपेक्षा सुमारे ४० पौंडांनी हलका होता. होम्ससमोरचा अली ३८ वर्षांचा, आतून खचलेला. स्पिंक्ससमोरचा होम्स ३५ चा. दोन पिढ्यांना जोडणाऱ्या लढतीत जवळजवळ नेहमीच एक माणूस चढणीवर असतो आणि दुसरा उतरणीवर. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये घातलेला निकाल बरोबर असूनही बाहेर येणारं उत्तर चुकतं. साखळी आहे, पण तिची प्रत्येक कडी गंजलेली आहे. तो प्रोग्रॅम मी सोमवारी डिलीट केला.

मग उरतं काय?

उरते ती वही. चार्ल्सची वही उघडू.

१९४२ मध्ये त्याने चार्ली बर्लीला दोनदा हरवलं. हा तोच बर्ली, ज्याला टाळण्यात त्या काळच्या अनेक नामवंतांनी शहाणपण मानलं. १९४३ मध्ये चार्ल्स जिमी बिव्हिन्स आणि लॉइड मार्शल या दोघांकडून हरला. नंतर परत येऊन दोघांनाही हरवलं. १९४६, १९४७ आणि १९४८ अशा सलग तीन वर्षांत त्याने आर्ची मूरला तीनदा हरवलं, तिसऱ्यांदा आठव्या फेरीत नॉकआउट. जोई मॅक्सिमशी पाचदा लढला आणि पाचही वेळा जिंकला.

आता पुढचं वाक्य सावकाश वाचा. मॅक्सिम १९५० मध्ये लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला. मूर १९५२ मध्ये झाला. या दोघांना मिळून आठ वेळा हरवणाऱ्या चार्ल्सला या गटाच्या किताबाची लढत आयुष्यात कधीच मिळाली नाही. तो वरच्या गटात गेला, १९४९ मध्ये हेवीवेटचा विजेता झाला आणि १९५० मध्ये त्याने जो लुईला हरवलं. पण ज्या वजनात तो अजोड होता त्या वजनाचा बेल्ट त्याच्या घरी नाही.

कारण सोपं आणि घाणेरडं आहे. बर्ली, बिव्हिन्स, मार्शल, मूर, चार्ल्स हे सगळे काळे होते. विजेते आणि त्यांचे मॅनेजर त्यांना टाळत. दार बंद, म्हणून हे लोक पोटासाठी एकमेकांशीच लढत राहिले, पुन्हा पुन्हा. मूर १९३० च्या दशकात व्यावसायिक झाला. त्याला किताबाची पहिली संधी मिळाली तेव्हा तो किमान ३६ वर्षांचा होता, आणि त्या लढतीसाठीही मॅक्सिमला मोठ्या रकमेची हमी द्यावी लागली. मूरच्या हाती जिंकल्याच्या रात्री किरकोळ पैसे उरले. त्यानंतर मात्र त्याने जवळजवळ दहा वर्षं तो किताब सोडला नाही. डिसेंबर १९५८ मध्ये मॉन्ट्रियलला इव्हॉन ड्युरेलने त्याला पहिल्याच फेरीत तीनदा आणि पाचव्या फेरीत आणखी एकदा पाडलं. मूर उठला आणि अकराव्या फेरीत त्याने ड्युरेलला संपवलं.

इथे ‘जुनं ते सोनं’वाल्या मंडळींनाही चार शब्द सुनवायचे आहेत. तुम्ही म्हणता, पूर्वीचे मर्द होते, महिन्याला लढायचे, आताचे नाजूक. दोस्तांनो, त्या वहीतल्या भरगच्च पानांमागे मर्दानगीपेक्षा बंद दार जास्त आहे. आणि त्याची किंमत होती. मूरला तिसऱ्यांदा हरवल्यावर पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९४८ मध्ये, शिकागोत चार्ल्सशी लढलेला सॅम बरूडी हा तरुण मरण पावला. १५ फेऱ्यांच्या १२ झाल्या त्याही एका मृत्यूमुळे: नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध लढलेला कोरियाचा किम दुक-कू वारला आणि मग एकेका संघटनेने फेऱ्या कमी केल्या. तो काळ परत यावा असं ज्याला वाटतं त्याने आपल्या भावाला त्या रिंगमध्ये उभं करून बघावं.

म्हणजे चार्ल्सची वही मोठी आहे हे खरं, आणि ती अन्यायाने मोठी केली हेही खरं. वही मोठी म्हणून अन्याय गोड होत नाही, आणि अन्याय झाला म्हणून वहीतल्या विजयांचं वजन कमी होत नाही.

शून्याची नशा

‘पण चार्ल्स २५ वेळा हरला!’ हो, हरला. त्यातल्या निम्म्याहून जास्त हारी १९५४ नंतरच्या, जेव्हा तो संपला होता आणि पैशासाठी लढत होता. पण मुद्दा त्याहून खोल आहे. पराभवांचा आकडा शून्य ठेवणं ही आजच्या बाजाराची गरज आहे. शून्य विकतं. म्हणून मोठे लोक एकमेकांपासून लांब ठेवले जातात.

१९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रॉय जोन्सकडे बेल्ट जमत होते आणि जर्मनीत दारियुश मिखालचेव्स्की आपला बेल्ट राखत होता. दोघं वर्षानुवर्षं एकाच गटाचे विजेते. भेटले नाहीत. २०१० च्या दशकात सर्गेई कोव्हालेव आणि अडोनिस स्टीव्हनसन, दोघंही विजेते, दोघंही जोरकस. भेटले नाहीत. मूर आणि चार्ल्स तीनदा भेटले, कारण त्यांना टाळणं परवडत नव्हतं. जोन्स आणि मिखालचेव्स्की भेटले नाहीत, कारण त्यांना टाळणं परवडत होतं.

म्हणूनच बेतरबिएव आणि बिव्होल यांचा मला मनापासून आदर आहे. दोघांनी आपापलं शून्य टेबलावर ठेवलं, आणि पहिल्या निकालानंतर चार महिन्यांत पुन्हा ठेवलं. बेतरबिएवने २०१९ मध्ये ओलेक्सांद्र ग्वोझ्दिकला दहाव्या फेरीत थांबवलं, तेव्हा ग्वोझ्दिकही अपराजित होता. बिव्होलने मे २०२२ मध्ये कॅनेलो अल्वारेझला स्वच्छ हरवलं. ही खरी पानं आहेत. पण पानं थोडी आहेत. बेतरबिएवच्या ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या ११ वर्षांत २१ लढती. त्यात जागतिक दर्जाचे प्रतिस्पर्धी बोटांवर मोजण्याइतके. ही त्याची लायकी कमी असल्याची खूण नाही, त्याच्या काळाने त्याला परीक्षा कमी दिल्या. पण जी परीक्षा दिली नाही तिचे गुण कसे देणार?

‘आपला’ म्हणजे कोण?

आता त्या न लिहिलेल्या कारणाकडे येतो. याबद्दल आपण आपसात बोलत नाही, म्हणून इथे बोलतो.

ग्रुपवरच्या त्या यादीत पाचव्या, सहाव्या आणि सातव्या नंबरवर तीन नावं ओळीने होती: मॅथ्यू साद मुहम्मद, एडी मुस्तफा मुहम्मद, ड्वाइट मुहम्मद कावी. मी यादी टाकणाऱ्याला विचारलं, यांच्या कोणत्या लढती बघितल्यास? उत्तर आलं नाही. नावं बघून टाकली होती.

आणि दुःख याचं की या माणसांना उसन्या नंबरची गरज नाही. सादला लहानपणी फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर सोडून दिलं होतं. सापडला बेंजामिन फ्रँकलिन पार्कवेवर, म्हणून सांभाळणाऱ्या ननांनी नाव ठेवलं मॅथ्यू फ्रँकलिन. तो १९७९ मध्ये मार्विन जॉन्सनला हरवून विजेता झाला. जुलै १९८० मध्ये याकी लोपेझने आठव्या फेरीत त्याला दोरांवर अक्षरशः कुटलं, आणि त्यानेच चौदाव्या फेरीत लोपेझला थांबवलं. म्हातारपणाकडे झुकताना तो बेघर झाला, निवाऱ्यात राहिला आणि मग बेघरांसाठी बोलत राहिला. कावी न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात बॉक्सिंग शिकला आणि बाहेर येऊन जगज्जेता झाला.

आता ‘नावावरून’ क्रम लावणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. डिसेंबर १९८१ मध्ये सादचा किताब ज्याने हिसकावला त्याचं नाव तेव्हा ड्वाइट ब्रॅक्स्टन होतं. १९८२ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला आणि तो मुहम्मद कावी झाला. मग ती लढत आपण हरलो की जिंकलो? तोच उजवा हात, तेच बुटकं, पुढे सरकत राहणारं शरीर. नाव बदलल्याने त्या रात्रीचा एकही पंच जड किंवा हलका झाला नाही. ज्या मापाचं उत्तर नाव बदलल्यावर बदलतं ते माप मोडकं आहे.

आणि खरा हिशोब सांगायचा तर मायकेल स्पिंक्सने १९८१ मध्ये एडी मुस्तफाला हरवलं, मार्च १९८३ मध्ये कावीला १५ फेऱ्यांत हरवून सगळा गट एक केला आणि १९८५ मध्ये तोवर अपराजित असलेल्या होम्सला हरवून हेवीवेट किताब घेतला. असं करणारा तो पहिला लाइट हेवीवेट विजेता. स्पिंक्स या तिघांच्याही वर आहे. हे लिहिताना माझं काहीही कमी होत नाही.

शंभर वर्षांपूर्वीचा बॅटलिंग सिकी आठवतो. सेनेगलच्या सेंट-लुईचा, पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेला. सप्टेंबर १९२२ मध्ये पॅरिसला त्याने लाडक्या जॉर्ज कार्पेंटिएला झोपवलं, तर पंचांनी पाय अडकवल्याचं सांगून सिकीलाच बाद ठरवलं. परीक्षकांनी तो निर्णय फिरवला. सहा महिन्यांनी सेंट पॅट्रिक दिवशी, डब्लिनमध्ये, एका आयरिश माणसाविरुद्ध तो २० फेऱ्यांनंतर गुणांवर हरला. सहा महिन्यांचा विजेता, त्याला पहिल्या दहात बसवणं खोटं ठरेल. पण त्या रात्री पॅरिसमध्ये पंचाने केलं तेच आपण यादी करताना करतो: रंग, नाव, घर बघून आधी निकाल लावतो, मग कारण शोधतो. आपल्यावर कुणी असा न्याय केला तर आपल्याला किती लागतं हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

माझी यादी

टीका केली, म्हणून स्वतःची यादी देणं भाग आहे. पहिला एझर्ड चार्ल्स. दुसरा आर्ची मूर. तिसरा मायकेल स्पिंक्स. चौथा बॉब फॉस्टर, ज्याने डिक टायगरकडून १९६८ मध्ये किताब घेतला आणि १४ वेळा राखला. पाचवा जीन टनी, एकदा हरून त्याच ग्रेबला पुढे हरवणारा. रॉय जोन्स त्याच्या मागे, मिखालचेव्स्कीचं पान कोरं ठेवल्याबद्दल. बिव्होल, बेतरबिएव, साद आणि कावी पहिल्या विसात, शेजारी शेजारी. बिव्होलला वर चढायला अजून वाव आहे.

पटत नसेल तर भांडा. पण भांडताना मला बायसेपचा फोटो पाठवू नका, २०-० लिहून पाठवू नका आणि नाव तर मुळीच पाठवू नका. कुणाला हरवलं, कधी हरवलं आणि तेव्हा समोरचा कसा होता, एवढं लिहा. तुमची वही माझ्यापेक्षा भारी निघाली तर त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर, मी माझी यादी बदलेन.